मेस तीन दिवस बंद राहील

असं पाटीवर खडूनं लिहिलं,
'राहील'ची वेलांटी पहिली की दुसरी
यावर दोन बी.ए.ची पोरं भांडत बसली,
तोवर मी आणि गयाबाई
गंगाखेडहून रात्रीच्या गाडीत चढलोसुद्धा.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा
पिशवीत डबा नव्हता.

नाशकात सकाळी सातला मिसळीपुढे रांग.
"काळी का लाल?" पोऱ्यानं विचारलं.
गयाबाई म्हणाली, "तुझी आई कोणती खाते?"
तो हसला, काळी घेऊन आला,
वर पापड, बाजूला दही, आणि पाव पाहिजे तेवढे.
मी रस्सा जिभेवर धरून ठेवला:
खोबरं बरोबर काळं भाजलंय, दगडफूल आहे,
कांदा मात्र घाईत परतलाय.
"जेव की गुमान," गयाबाई म्हणाली,
"पेपर तपासायला आलीस का?"

खाऊन झालं तशा दोघी एकदमच उठलो,
ताटल्या हातात, मोरी शोधत.
पोऱ्या पळत आला, "ठेवा, ठेवा मावशी."
ठेवल्या.
मग ते हात
पदराला पुसत राहिलो, कोरडेच.

त्र्यंबकच्या वाटेवर एका छपरात
बाई पिठलं-भाकर वाढत होती,
एक डोळा तव्यावर, एक गिऱ्हाइकावर.
तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग
जिथं गयाबाईच्या आहे, तिथंच.
गयाबाईनं भाकरीचा काठ चाचपला,
आता ही काहीतरी बोलणार म्हणून मी घाबरले.
ती एवढंच म्हणाली,
"तुमचं जेवण झालं का?"
बाई थांबली. उलथनं हवेत.
"कुणाचं? माझं?"

वर ब्रह्मगिरीवर ढग टेकलेला.
तिथून निघते म्हणे आपली गंगा,
आमच्या घाटाला येते तीच.
इथं तर केवढीशी,
आंघोळ घालायला धरलेल्या पोरीसारखी.
संध्याकाळी रामकुंडाच्या पायऱ्यांवर
साबुदाणावडा खाताना मी हिशोब केला:
सकाळी त्या दुकानात विसळलेली माझी ताटली,
तिचं पाणी ह्याच नदीत आलं असेल,
म्हणजे दहा-पंधरा दिवसांत माझं उष्टं
माझ्याच गावावरून जाईल.
"जात नाही," गयाबाई म्हणाली,
"मधे जायकवाडी आहे. अडकतंय तिथं."

शेवटच्या दिवशी गंगापूर रोडवर
काचेच्या दाराचं कॅफे.
खुर्च्या इतक्या खोल की बसलं की निजल्यागत.
कॉफीवर दुधाचं पान काढलेलं.
मोडायचं कसं, म्हणून गयाबाई
चमच्यानं कडेकडेनं पीत गेली,
तळाशी आली तरी पान शाबूत,
जरा वाकडं झालेलं.
किंमत बघून मी बोटं मोडली:
आमच्याकडे चार वेळचं ताट,
पोळ्या मोजत नाही, ते धरून.
शेजारच्या टेबलावर एक पोरगा
लॅपटॉपमध्ये बघत काहीतरी खात होता,
आपण काय खातोय हे त्याला माहीत नव्हतं.
बशी रिकामी झाली तरी काटा फिरत होता.
माझ्या तोंडावर आलं होतं,
'अजून वाढू का रे?'
गिळलं. कॉफी कडू होती.

मनमाडला गाडी बराच वेळ उभी.
गयाबाईच्या मांडीवर चिवड्याचा पुडा,
न फोडलेला, पोरांसाठी.
मला वाटलं तिला विचारावं, काय आवडलं सगळ्यात,
पण ती झोपेत
अंगठ्यानं बोटांवर काहीतरी मळत होती.

गुरुवारी पाटी पुसली.
चौतीस ताटं.
वेलांटीवाल्यानं विचारलं,
"मावशी, कुठं गेला होता?"
"जेवायला,"
गयाबाई म्हणाली,
आणि कणकेत पाणी ओतलं.